दगडांतली चौदा रोपं

"लोणी खाली राहिलं. आणि मार्मलेडच्या बाटल्या मात्र दोन वर आल्या. दोन. आता ते काय बोटाने चाटायचं?"

फळीच्या भिंतीपलीकडे लेस पुटपुटत होता. फळी इतकी पातळ, की मोज्यात पाय घालतानाचं त्याचं कण्हणंसुद्धा नोलाला आपल्याच खाटेवरचं वाटायचं.

"हळू," दुसरा आवाज म्हणाला. मिर्यानाचा. "त्या जाग्या असतील."

"असू देत की. मी लोण्याबद्दल बोलतोय." मग जरा थांबून, अगदी खालच्या आवाजात, "त्याबद्दल नाही."

नोलाने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. 'त्याबद्दल' म्हणजे कशाबद्दल, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती आणखी दहा मिनिटं पडून राहिली, म्हणजे त्या दोघांना गप्प व्हायला पुरेसा वेळ मिळावा. मग मुद्दाम खोकली, बुटांचा आवाज केला आणि बाहेर आली. दोघंही चुलीकडे बघत होते. चुलीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"सुप्रभात," मिर्याना म्हणाली.

"लोणी राहिलं," लेस म्हणाला.

"ऐकलं," नोला म्हणाली.

बोगाँगच्या पठारावरची ही पत्र्याची झोपडी गुराख्यांची. लेसच्या बापाची गुरं उन्हाळाभर इथे चरायची, आणि मार्चमध्ये, इकडचा उन्हाळा सरून, पहिली थंडी पडली की खाली उतरायची. पुढे सरकारने पठारावर गुरं बंद केली. तेव्हापासून लेस सरकारवर रागावलेला, आणि त्या वेळी "बरं झालं" म्हणालेल्या सख्ख्या भावावर त्याहून जास्त. तो भाऊ म्हणजे कीथ, नोलाचा नवरा. दोघांनी एकाच गावात, तीन गल्ल्यांच्या अंतरावर, कितीतरी वर्षं अबोला धरला. सहा वर्षांपूर्वी कीथ गेला. लेस अंत्यविधीला आला, कोपऱ्यात उभा राहून हॅमचं सँडविच खाल्लं, आणि निघताना वहिनीला म्हणाला, "मार्चमध्ये तुला वर कोण नेणार?" तेव्हापासून तोच नेतो. माफी मागायची पद्धत त्यांच्या घराण्यात नाही. गाडी काढायची आहे.

वर यायचं ते झुडपं मोजायला.

कीथ काही शिकलेला शास्त्रज्ञ नव्हता. धरणाच्या रस्त्यावर खडी सपाट करायचं यंत्र चालवायचा. एकविसेक वर्षांपूर्वीच्या वणव्यात पठाराचा हा भाग जळाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला दिसलं, की दगडांच्या उतारावर थोडी प्लम पाइन वाचली आहेत. प्लम पाइन म्हणजे गुडघाभर उंचीचं झुडूप, दगडांवर हातपाय पसरून पडलेलं, एखाद्या म्हाताऱ्याने उन्हात अंग टाकावं तसं. अंगठ्याएवढ्या खोडाला दीडशे वर्षं लागतात. वर्षाला नखाएवढं वाढतं, बरं वर्ष असेल तर. नर वेगळा, मादी वेगळी. उतारावरचे बहुतेक नर वणव्यात गेले, खालच्या कडेला दोन उरले. कीथने वाचलेल्या चौसष्ट झुडपांना तारेने अ‍ॅल्युमिनियमचे बिल्ले बांधले, ग्रंथालयातून पुस्तकं आणली, जी कळली नाहीत ती परत आणली, आणि मोजायला लागला.

पद्धत त्यानेच घालून दिली. दोन माणसं लागतात. एकाने गुडघ्यावर बसायचं. खोडाची जाडी जमिनीलगत कॅलिपरने घ्यायची, उंची घ्यायची, पसारा दोन बाजूंनी घ्यायचा, यंदाच्या फुटीची लांबी घ्यायची, आणि एकेक आकडा पुकारायचा. दुसऱ्याने उभं राहून तो आकडा मोठ्याने परत म्हणायचा, मगच पेन्सिलीने लिहायचा. परत म्हटला नाही तर तो आकडा झालाच नाही. वर वारा असतो, कान म्हातारे असतात, आणि सतरा नि सत्तर यांच्यात एका झुडपाचं अख्खं आयुष्य बसतं.

खाली गावात नोला एकटी राहते. मुलगी पर्थला. ती रविवारी फोन करते आणि बोलता बोलता भांडी घासते, नळाचा आवाज येत राहतो. गावातली बेकरी बंद झाली, पोस्ट आठवड्यातून तीन दिवस उघडतं. नोला बोलतच नाही असं नाही. ती कोंबड्यांशी बोलते, रेडिओला उलट उत्तरं देते. पण आपण म्हटलेलं दुसऱ्या माणसाने जसंच्या तसं परत म्हणावं, आणि वर लिहूनही ठेवावं, हे वर्षातून फक्त पाच दिवस. बाकीचे तीनशे साठ ती या पाचांकडे तोंड करून बसलेली असते, हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. विचारलंही नाही कुणी.

यंदाचा आज तिसरा दिवस. दगडांच्या उताराकडे जाताना लेस पुढे, हातात काठी आणि तोंडात माश्यांना शिव्या. दोन्ही बाजूंना जळालेल्या निलगिरीचे पांढरे सांगाडे, बुंध्याशी नव्या फुटीचं जंगल. मिर्याना मध्ये चालत होती. मेलबर्नची, वनस्पतींची डॉक्टर, चाळिशीतली, पाठीवर आपल्या वजनाच्या निम्मी पिशवी. कीथच्या वह्यांवरून ती एक पुस्तिका काढणार होती, मुखपृष्ठावर कीथचं नाव घालून. त्यासाठीच गेल्या वर्षी तिने प्रत्येक बिल्ल्याच्या झुडपाचं एकेक पान कापून नेलं होतं, कोण कुणाचं हे प्रयोगशाळेत तपासायला.

तीन आठवड्यांपूर्वी निकाल आला असणार. कारण तीन आठवड्यांपूर्वी लेस नोलाच्या दारात लिंबं घेऊन उभा राहिला. आपल्या झाडाचं लिंबू त्याने आजवर कुणाला दिलं नव्हतं. आत येऊन बसला, लिंबांबद्दल पंचवीस मिनिटं बोलला, गेला. नोलाने दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मिर्यानाने फोन तिला न करता लेसला केला होता, एवढं त्या लिंबांवरून स्पष्ट होतं.

"एकसष्ट," नोलाने गुडघे टेकले. "जाडी चौतीस मिलिमीटर."

लेस लिहू लागला.

"परत म्हण."

"म्हटलं की."

"मनात म्हटलंस."

"चौतीस मिलिमीटर," लेस पठाराला ऐकू जाईल असं म्हणाला. वरच्या दगडावरचा काळा पक्षी पिवळा डोळा वटारून उडून गेला. "बाप गुरं मोजायचा तेव्हा असली नाटकं नव्हती. शेपट्या मोजायच्या, झालं."

"आणि दर वर्षी चार गुरं कमी भरायची."

"ती शेजाऱ्याने चोरली."

"शेजारी म्हणायचा त्याची तुम्ही चोरली."

"ते पण खरं असेल," लेस म्हणाला, आणि मिर्याना हसली, आणि क्षणभर सगळं नेहमीसारखं झालं.

बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. मग दोन मोठ्या दगडांमधली ती फट आली आणि तिच्यातून डोकावणारं वीतभर हिरवं टोक. तारेवर बिल्ला, पासष्ट.

"आज हे राहिलं तरी चालेल," मिर्याना म्हणाली.

"का?"

"म्हणजे... नंतर बघू. ही चौदा आपण नंतर बघू."

"पाऊस येईल," लेस म्हणाला.

तिघांनी वर पाहिलं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं.

"येईल म्हणतोय ना मी," लेस म्हणाला.

नोलाने तरी कॅलिपर लावलं. जाडी पुकारली, उंची पुकारली, यंदाची फूट पुकारली. लेसने सगळं परत म्हटलं, एकदाही कुरकुर न करता, आणि त्याचं ते कुरकुर न करणं तिला फार लागलं.

"ही जरा वेगाने वाढलीत," मिर्याना हळूच म्हणाली. "रोपांच्या मानाने."

"हं," नोला म्हणाली.

रोपांच्या मानाने. हिवाळ्यात कीथ स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौकटीच्या कागदावर आडव्या पट्ट्या काढत बसायचा. सगळ्यात खाली रोपं, त्यावर पोरसवदा, त्यावर जाणती, सगळ्यात वर म्हातारी. "धडधाकट वस्ती असली की उतरंड खाली रुंद असते," तो म्हणायचा. "आपली बघ." त्याची उतरंड डोक्यावर उभी असायची. वर म्हाताऱ्यांची ही गर्दी, आणि तळाची ओळ कोरी. दहा वर्षं कोरी. खोडांची जाडी वाढत होती, पसारा वाढत होता, पण मागून कुणी येत नव्हतं. "म्हाताऱ्यांचं गाव," कीथ म्हणायचा आणि खिडकीतून गल्लीकडे बघायचा. गल्लीत तेव्हा एक मूल उरलं होतं, तेही भाड्याच्या घरातलं.

त्या दहा वर्षांत कीथ पुकारायचा आणि नोला लिहायची. मग त्याचं हृदय थकलं, गुडघ्यावर बसलं की उठता येईना. तेव्हा अदलाबदल झाली. कीथ दगडांच्या कडेला घडीच्या खुर्चीत वही घेऊन बसू लागला आणि नोला दगडांत उतरू लागली. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत कीथच्या अक्षरात नियम होता: खालून बोट घाला. फांदीला जोडलेलं लागलं तर ते रोप नाही. कारण प्लम पाइन लबाड आहे. तिची फांदी दगडांखालून सरपटत जाते, माती लागेल तिथे मुळं धरते, आणि हातभर पलीकडे डोकं वर काढते. वरून बघणाऱ्याला वाटावं, आलं बाई एक कोवळं. असतं ते तीच म्हातारी.

पहिल्या वर्षी कीथने खुर्चीतून विचारलं, "रोपं?"

"नाहीत."

"नाहीत," त्याने परत म्हटलं आणि शून्य लिहिलं.

दुसऱ्या वर्षी वर येण्याआधी डॉक्टरांनी नोलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आणखी एखादा उन्हाळा निघेल. त्या वर्षी या फटीत हे टोक दिसलं. तिने बोट घातलं. खाली फांदी होती, थंड, पेन्सिलीएवढी जाड. तिने मान वर केली. कीथ खुर्चीत पुढे झुकून बसला होता, टोपी गुडघ्यावर, पेन्सिल खालच्या ओठाला लावून.

"रोपं?"

"एक," नोला म्हणाली.

कीथने लगेच परत म्हटलं नाही. वाऱ्याने वहीचं पान उलटलं, ते त्याने सावकाश सरळ केलं. मग "एक" म्हणाला. त्यानंतर थर्मासचं झाकण उघडायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. त्या हिवाळ्यात त्याने तळाच्या ओळीतला एक चौकोन पेन्सिलीने असा काही गच्च भरला, की कागदाच्या मागे उमटला.

पुढच्या वर्षी तीन. मग चार. मग सहा. एका उन्हाळ्याचे चार झाले. डॉक्टरांना नवल वाटलं. नोलाला नाही वाटलं.

राष्ट्रीय उद्यानाची माणसं खालून आली, पोटावर झोपून रोपांचे फोटो काढून गेली. कीथ खुर्चीतून त्यांना सूचना देत होता, "पाय जपून, पाय जपून," नातवंडं दाखवणाऱ्या आजोबांच्या चेहऱ्याने. बिल्ले बांधले गेले, पासष्ट ते अठ्ठ्याहत्तर. आणि कीथ गेल्यापासून एकही नवं रोप आलेलं नाही. नोलाने एकही पुकारलं नाही.

दुपारी ते दगडांच्या सावलीत जेवायला बसले. खारवलेलं डबाबंद मांस, बीट, लोण्यावाचून पाव. मिर्याना पाणी भरायला ओढ्याकडे गेली. ओढा जवळ होता आणि बाटल्या दोनच होत्या, पण ती गेली ती गेलीच. लेसने पावाची कड तोडून मुंग्यांना टाकली. मग आणखी एक तुकडा टाकला.

"मुंग्यांचं वजन वाढेल," नोला म्हणाली.

"हं." लेसने हात झटकले. "ती पुस्तिकेत एक ओळ घालायची म्हणते."

"कुठली?"

"डोळ्यांची."

नोलाने डब्यातून बिटाची चकती उचलली.

"त्याच्या डोळ्यांची. शेवटी शेवटी त्याला दिसत नव्हतं, नाही का? आणि खुर्ची ती तिथे, कडेला. एवढ्या लांबून माणसाला काय दिसणार. हिरवं दिसलं की रोप वाटणार." तो दगडाशी बोलत होता. "कुणाचं काही बिघडत नाही त्यात. चार वर्षं बाजूला काढायची. बाकीची सतरा खणखणीत आहेत म्हणते ती."

कीथ गेल्यावर त्याचं सामान आवरायला लेसच आला होता. गिरजाघरात जुने चष्मे गोळा करतात, तिथे द्यायला म्हणून त्याने सगळे खण पालथे घातले होते, आणि शेवटी म्हणाला होता, "याला चष्माच नव्हता की." घोड्यांच्या शर्यतीचे बारीक अक्षरातले निकाल कीथ शेवटच्या आठवड्यापर्यंत उघड्या डोळ्यांनी वाचत होता. लेसला हे ठाऊक होतं. आणि लेसला ठाऊक आहे हे नोलाला ठाऊक आहे, हेही त्याला ठाऊक असणार, म्हणून तर तो दगडाशी बोलत होता.

"तो काय आता रागावणार आहे?" लेस म्हणाला.

"नाही," नोला म्हणाली. "रागावणार नाही."

"मग झालं तर."

"झालं."

इतकं सोपं होतं ते. एका शब्दाने दरवाजा लागला आणि ती आत, उबेला. दोन दिवस उरले आहेत, मग पुढचा मार्च, मग त्याच्या पुढचा. लेसचे गुडघे चालतील तोवर. तिने पाव खायला घेतला. पाव कोरडा होता.

पास्को मास्तरांची आठवण तिला पाव गिळताना झाली. फार वर्षांपूर्वी, पाचव्या की सहाव्या मोजणीला, शाळेतून निवृत्त झालेले हे पास्को हौसेने वर आले होते. एका गारठलेल्या सकाळी त्यांनी सात झुडपं कॅलिपर न लावताच पुकारली, गेल्या वर्षीच्या आकड्यांत थोडं थोडं मिळवून. कीथने लिहून घेतली, दुपारी स्वतः जाऊन मोजली. रात्रीच्या जेवणात पास्कोंना मांसाचा मोठा तुकडा वाढला, चहा करून दिला, आणि म्हणाला, "मास्तर, उद्यापासून नका येऊ." आवाज चढवला नाही. त्यानंतर पास्कोंबद्दल वाईटही कधी बोलला नाही. फक्त पुकारणाऱ्याने बघितल्याशिवाय पुकारलं की तो पुकारणारा राहत नाही, एवढंच.

आणि तिने तर बघून पुकारलं होतं.

मिर्याना बाटल्या घेऊन आली. अर्धा तास लागलेल्या माणसासारखी धापही टाकत नव्हती.

"मिर्याना, एक विचारते," नोला म्हणाली. "रोपवाटिकेतली रोपं त्या साली पलीकडच्या उतारावर लावली ना? कीथला पहिलं... पहिलं सापडल्यावर."

"हो."

"ती इथे आली असती?"

मिर्यानाने लेसकडे पाहिलं. लेसने मुंग्यांकडे.

"यादीत ही जागा होती," मिर्याना म्हणाली. "पहिलीच होती."

"मग?"

"मग काढली."

"का?"

"आता ते नक्की... कागद बघावे लागतील मला. लावणीला बरीच कारणं असतात."

नोलाला एकच कारण दिसत होतं: जिथे रोपं आपसूक येतात, तिथे लावायला कोण येईल.

"तिथली कशी आहेत?"

"बरी आहेत. गुडघ्याखाली आहेत अजून, पण बरी आहेत. नर-मादी दोन्ही." तिने बाटलीचं बूच लावलं, काढलं, परत लावलं. "इथल्या खालच्या दोन नरांपैकी एक वाळलाय. बघितला असेल तुम्ही."

नोलाने बघितला होता. काल तिनेच पुकारला होता, 'सत्तेचाळीस, मृत', आणि लेसने परत म्हटला होता.

दुपारभर ती मोजत राहिली. सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. आता मिर्यानाही नको म्हणाली नाही. प्रत्येक टोकाशी नोला गुडघे टेकायची, आणि प्रत्येक टोकाशी तिचं बोट सवयीने खाली जायचं, फांदी चाचपायचं आणि परत यायचं. उन्हं कलली तसा वारा बोचरा झाला. तिचा आवाज बसत चालला होता. लेस मात्र खणखणीत परत म्हणत होता. एकदा तिने चुकून पुकारता पुकारता नुसताच उसासा टाकला, आणि लेसने वहीतून डोकं वर काढून विचारलं, "तो किती मिलिमीटर?"

ती हसली. हसल्यावर तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिने पुढचा बिल्ला गाठला.

झोपडीत परतले तेव्हा दारातून ऊन टेबलापर्यंत येत होतं. लेसने चहा टाकला. मिर्यानाने लॅपटॉप उघडला, मिटला, परत उघडला. नोला तिच्यासमोर बसून गुडघ्यांवरची माती नखाने काढत होती.

"नोला, तुमची संमती लागेल मला एका गोष्टीला," मिर्याना म्हणाली. "घरच्यांची, म्हणून. एकच वाक्य आहे. आवडलं नाही तर बदलू."

"वाच."

मिर्याना घाईघाईने वाचू लागली, काटा काढताना हात घाई करतो तशी. "'सोळाव्या वर्षाच्या आधीच्या चार मोजण्यांतील रोपांच्या नोंदी या अभ्यासातून वगळल्या आहेत. निरीक्षकाचं आजारपण आणि क्षीण झालेली दृष्टी यांमुळे जुन्या झुडपांच्या फांद्या रोपं म्हणून नोंदल्या गेल्या असाव्यात.'"

"छान लिहिलंय," लेस म्हणाला. तो चहाच्या डब्याकडे तोंड करून उभा होता.

"नाव नाही घातलं मी," मिर्याना म्हणाली.

"नाव कशाला," लेस म्हणाला.

"पुस्तिकेवर नाव कुणाचं?" नोलाने विचारलं.

"कीथचं."

"मग निरीक्षक म्हटलं की वाचणारा कुणाला धरील?"

चुलीवरच्या भांड्यात पाणी बोलायला लागलं होतं.

"असाव्यात असंच म्हटलंय," मिर्याना म्हणाली. "नक्की असं नाही म्हटलेलं."

"कुणी वाचत नाही असली पुस्तकं," लेस म्हणाला. "वाचली तरी डोळ्यांचं समजून घेतात लोक. डोळे जातातच माणसाचे. नोल, चहा घे."

त्याने कप तिच्यापुढे ठेवला. दोन चमचे साखर घातलेली होती. ती एक घेते, हे त्याला सहा वर्षांपासून माहीत होतं. त्याचा हात कपाच्या कानावर तसाच राहिला, आणि तिला दिसलं की या म्हाताऱ्याला भीती वाटतेय. ती काय बोलेल याची नव्हे. हे संपलं तर पुढच्या मार्चमध्ये त्यालाही जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

तेव्हा गप्प बसणं तिला एकटीसाठी नव्हतं, त्याच्यासाठीही होतं. मिर्यानासाठीही, ती बिचारी लॅपटॉपच्या पडद्यात तोंड घालून बसली होती. सगळ्यांची सोय होती त्यात. एक कीथ सोडून, आणि तो काही रागावणार नव्हता. तो नुसता घडीच्या खुर्चीत बसला असता, पेन्सिल ओठाला लावून, ती काय म्हणते त्याची वाट बघत. ती म्हणेल ते खरं धरून.

"मिर्याना," नोला म्हणाली, "ते पुसून टाक."

"नोल," लेस म्हणाला.

"परत म्हणू नकोस आता काही. ऐक फक्त." तिने कप बाजूला सारला. आवाज बसलेला होता, पण दगडांतून कडेच्या खुर्चीपर्यंत पोचवायची सवय होती त्याला. "कीथला घारीसारखं दिसायचं. तुम्हां दोघांनाही ते ठाऊक आहे. दगडांत तो नव्हता, मी होते. चौदाही वेळा मी खालून बोट घातलं, आणि चौदाही वेळा खाली फांदी लागली. चूक नव्हती ती. रोप नाही हे मला तिथेच, हात मातीत असतानाच ठाऊक होतं. तो विचारायचा, आणि मला नाही म्हणवत नव्हतं."